अरण्यांत बळी कोण ?

गेल्या डिसेंबरांत इयत्ता नववीची सहल परत येत असतां गाडीच्या मागील बाकांवर एकाएकीं मोठा गलबला उठला. आम्हीं मागें जाऊन पाहिलें, तों सात-आठ मुलें एका मोबाईलवर डोकीं टेकून बसलेलीं. पडद्यावर एक वाघ आणि एक सिंह ह्यांची झुंज चालली होती. आणि वाघाचे कैवारी व सिंहाचे कैवारी असे दोन तट पडून पडद्यावरील झुंजीपेक्षां बाकांवरील झुंज अधिक रंगली होती. आम्हांस पाहतांच मोबाईल दप्तरांत गेला. परंतु त्यांतल्या एका धीट मुलानें विचारलेंच, “सर, तुम्हीच निकाल द्या. दोघे समोरासमोर आले तर जिंकेल कोण?”

आम्हीं शाळामास्तरी उत्तर दिलें: सिंह आपल्या देशांत आज गीर व त्याच्या आसपासच्या मुलखांत तेवढा उरला आहे, गीरच्या त्या रानांत वाघ नाहीं, म्हणून ही भेट होतच नाहीं, आणि जी भेट होत नाहीं तिचा निकाल कोणी द्यावा? मुलांचें समाधान झालें नाहीं. दुसरा म्हणाला, “मग वाघ आणि बिबट्या? वाघ आणि रानकुत्रे? ते तर एकाच जंगलांत असतात ना?” हा प्रश्न मात्र खरा होता, आणि त्या क्षणीं आमच्यापाशीं त्याचें नीट उत्तर नव्हतें. तेवढ्यांत खिडकीशीं बसलेला, वसतिगृहांत राहणारा जुन्नर तालुक्यांतील एक मुलगा बाहेर पाहतच म्हणाला, “आमच्याकडे बिबट्या कुत्रा नेतो, सर. झुंज वगैरे होत नाहीं. सकाळीं साखळी तेवढी राहते.”

गाडींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. त्या प्रश्नांनीं आणि त्या एका वाक्यानें आम्हांस पुढें कित्येक महिने वाचावयास लाविलें. त्या वाचनांतून आमचें जें मत बनलें तें वार्षिकाच्या ह्या पानांत मांडतों. विद्यार्थ्यांसाठीं तर खरेंच, पण पालकांसाठीं थोडें अधिक.

प्रथम त्या चित्रफितीविषयीं. जनावरांच्या झुंजी पाहण्याची हौस कांहीं मोबाईलनें आणलेली नव्हे. प्राचीन रोमच्या रंगांगणांत सिंह, अस्वलें, बैल परस्परांवर सोडीत आणि हजारों लोक तें पाहावयास बसत. बडोद्यास गायकवाडांच्या दरबारीं हत्तींच्या साठमाऱ्या होत. कोल्हापुरांत साठमारीची जागा आजहि त्याच नांवानें ओळखली जाते. ह्या सर्व खेळांत एक गोष्ट समान असे: मैदानास भिंत असे, आणि भिंतीचें दार बंद असे. कोंडलेलें जनावर लढतें, कारण दुसरें कांहीं करण्याची त्यास सोयच ठेवलेली नसते. अरण्यास अशी भिंत नाहीं. तेथें मागें सरण्यास जागा असते. आणि पोट भरलेलें असो वा रिकामें, अरण्यांतील बलवान् जनावर त्या जागेचा उपयोग करून घेतें. “बळी तो कान पिळी” ही आपल्या भाषेंतील म्हण माणसांच्या बाबतींत खरी असेल तर असो. वाघाच्या राज्यास ती जशीच्या तशी लागू पडत नाहीं.

वाघ आणि रानकुत्रा ह्यांचीच जोडी घ्या. पूर्ण वाढलेला नर वाघ २०० किलोंच्या आसपास भरतो, कधीं त्याहूनहि पुष्कळ अधिक. रानकुत्रा, ज्याला आपल्याकडे कोळसुंदा किंवा कोळसून असेंहि म्हणतात, तो साधारण १२ ते २० किलोंचा. अंगाचा रंग तांबूस, शेपूट झुपकेदार आणि तिचा शेंडा काळा. तो गांवच्या कुत्र्यासारखा भुंकत बसत नाहीं. झाडींत पांगलेल्या सोबत्यांस शीळ घालून एकत्र करतो. खालच्या जबड्यांत प्रत्येक बाजूस त्यास एक दाढ कमी असते. ह्या व अशा इतर भेदांमुळें शास्त्रज्ञ त्यास लांडग्याच्या व गांवच्या कुत्र्याच्या कुळींत न बसवितां निराळा बसवितात. वजनाच्या कांट्यावर पाहिलें तर हा सामना म्हणजे थट्टाच. वाघाच्या एका फटकाऱ्यांत कोळसुंदा संपतो, आणि वाघानें कोळसुंदे मारल्याचीं उदाहरणें आहेतहि.

परंतु कोळसुंदा सहसा एकटा नसतो. पांच असतात, आठ असतात, दहा असतात, क्वचित् वीस-पंचवीसहि. वाघ ज्याच्याकडे वळतो तो मागें हटतो, आणि तेवढ्यांत पाठीमागून दुसरा पुढें येतो. दक्षिणेंतील शिकाऱ्यांच्या जुन्या ग्रंथांतून रानकुत्र्यांच्या मोठ्या टोळीनें वाघास दमवून दमवून मारल्याच्या हकीकती वाचावयास मिळतात. त्या सर्वस्वीं खोट्या आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र त्या लिहिल्या गेल्या त्या विलक्षण होत्या म्हणूनच. वाघाचा वास येतांच टोळी वाट बदलते, किंवा टोळीच्या शिळा ऐकून वाघ उठून दुसऱ्या नाल्यांत जाऊन बसतो, हें जें नेहमींचें, त्यावर कोण प्रकरण लिहितो? आणि त्याची चित्रफीत काढली तर ती पाहावयास कोण बसतो?

हें भित्रेपण काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वाघास दवाखाना नाहीं, आजारपणाची रजा नाहीं, आणि घरीं दुसरा मिळवता नाहीं. वाघीण पिलांसह असेल तर तिच्या एका पायावर तीन-चार पोटें उभीं असतात. जखम लहान कीं मोठी हा प्रश्न तेथें नसतो; पुढच्या आठवड्यांत सांबर धरतां येईल कीं नाहीं, हा असतो. जिम कॉर्बेट ह्यांनीं १९४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या कुमाऊंच्या नरभक्षकांवरील पुस्तकांत मुक्तेसरच्या एका वाघिणीची हकीकत दिली आहे. ती वयानें तरुण होती. एका साळिंदराशीं तिची झटापट झाली, आणि तींत तिचा एक डोळा गेला व पुढच्या पायांत सुमारें ५० कांटे रुतून राहिले. त्या पायानें रानांतील शिकार साधेना, आणि पुढें ती माणसांवर आली. चंपावतची वाघीण, जिच्या नांवावर ४३६ माणसांचे बळी नोंदले आहेत व जिला कॉर्बेट ह्यांनीं १९०७ सालीं मारिलें, तिचेहि उजव्या बाजूचे सुळे पूर्वीं लागलेल्या बंदुकीच्या गोळीनें मोडलेले निघाले. एका साळिंदरापायीं एवढें घडतें, तर दहा कोळसुंद्यांशीं किंवा एका चवताळलेल्या बिबळ्याशीं हौसेखातर भिडण्यास वाघ कशास जाईल? अंगीं बळ असून ज्यास त्याची किंमत कळते तो जनावरांतहि शहाणाच म्हणावयाचा.

मग एकाच अरण्यांत हे तिघे नांदतात तरी कसे? एका म्यानांत दोन तलवारी राहात नाहींत असें आपण म्हणतों. येथें तर तीन आहेत. ह्याचें उत्तर कर्नाटकांतील नागरहोळे येथील अरण्यांत उल्हास कारंत व मेल्व्हिन संक्विस्ट ह्यांनीं वर्षानुवर्षें शोधलें, आणि १९९५ सालीं प्रसिद्ध केलें. मारलेल्या जनावरांचे अवशेष व विष्ठेंतील केस तपासून त्यांनीं तिघांच्या ताटांत काय पडतें तें पाहिलें. वाघाच्या भक्ष्याचें सरासरी वजन ९१.५ किलो निघालें, बिबळ्याच्या ३७.६ किलो, आणि रानकुत्र्यांच्या ४३.४ किलो. म्हणजे वाघाचें लक्ष गवा व सांबर ह्यांवर. बाकीच्या दोघांचें चितळासारख्या मध्यम जनावरांवर. त्या दोघांत पुन्हां वेळेची वांटणी: बिबळ्या मुख्यतः रात्रीं फिरतो, तर रानकुत्रे पहांटेपासून दिवसाउजेडीं शिकार करितात. बिबळ्याचें आणखी एक साधन म्हणजे झाड. वाघ आला किंवा टोळी आली तर तो वर जातो, आणि कित्येकदां आपली शिकारहि वर ओढून नेतो.

आमच्या शाळेंत प्रयोगशाळा एक आणि तुकड्या सहा आहेत. वेळापत्रक लावणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांस ही अरण्यांतील व्यवस्था आम्हीं सांगितली, तेव्हां ते म्हणाले कीं, तीन तुकड्यांचें काय कौतुक! परंतु अरण्यांतील वेळापत्रक फळ्यावर लिहिलेलें नसतें, आणि तें सर्वत्र सारखेंहि नसतें. पुढें २०१७ सालीं बंदीपूर, नागरहोळे, भद्रा व बिळिगिरी ह्या चार अरण्यांतील स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून ह्याच विषयाचा पुन्हां अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, कोठें तीं जनावरें वेळ चुकवितात, कोठें जागा चुकवितात. भद्रेसारख्या, भक्ष्य थोडें असलेल्या ठिकाणीं वेळा एकमेकींत मिसळतात, तरीहि तेथें भेट टाळली जाते. भेट टळावी एवढाच सर्वांचा हेतु. रीति ज्या त्या रानाची निराळी.

रानकुत्र्याविषयीं येथें थोडें अधिक लिहिलें पाहिजे, कारण त्याच्यावर फार अन्याय झाला आहे आणि त्यांत आमचाहि वांटा आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षीं आम्हीं एका वर्गास सांगितलें होतें कीं, वाघ हा उदार शत्रु व कोळसुंदा हा क्रूर दरोडेखोर. कारण तो भक्ष्याचे जिवंतपणीं लचके तोडतो. तें आम्हीं कोठें तरी वाचलें होतें, आणि तपासून न पाहतां पुढें दिलें. आज तें वाक्य आठवलें म्हणजे ओशाळल्यासारखें होतें. वीस किलोंच्या जनावरास शंभर किलोंचें सांबर एका चाव्यांत मारतां येत नाहीं, हा काय त्याचा अपराध? आणि वाघ गळा धरून गुदमरवितो, तेंहि कांहीं क्षणार्धाचें काम नव्हे. उलट ह्या ‘दरोडेखोरां’ची घरची रीत पाहावी. शिकार पडल्यावर टोळींतील पिलें प्रथम खातात व मोठे भोंवतीं थांबतात. ढोलींत राहिलेल्या आईसाठीं व लहानग्यांसाठीं इतर कुत्रे पोटांतून मांस आणून ओकून देतात. सिंहाच्या कळपांत मोठा नर आधीं जेवतो आणि छाव्यांच्या वांट्यास बहुधा उरेल तें येतें. तरीहि राजचिन्हांवर सिंहच बसला आहे.

ही बदनामी पुस्तकांनीं पसरविली. रुडयार्ड किप्लिंग हे मुंबईंत जन्मले. त्यांच्या १८९५ सालच्या पुस्तकांतील एका कथेंत रानकुत्र्यांची विध्वंसक फौज शिवणीच्या अरण्यावर चालून येते, आणि ती येते कोठून, तर दख्खनमधून! आमच्या प्रांताचा असा गौरव झालेला पाहून हंसावें कीं रागवावें हें कळत नाहीं. परंतु कथेनें जें केलें त्याहून अधिक सरकारी खजिन्यानें केलें. इंग्रजी अंमलांत रानकुत्रा हें उपद्रवी जनावर ठरवून त्यास मारणारास रोख बक्षीस मिळे. शिकारीचीं हरिणें कमी होतात म्हणून बंदूकवाल्यांनीं त्यास शत्रु मानिलें, आणि त्याच्यासाठीं मेलेल्या जनावरांत विषहि घातलें. स्वराज्य आलें तरी हीं बक्षिसें लगेच थांबलीं नाहींत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हां कोठें तीं बंद झालीं.

त्याच दशकांत शिवकाशीच्या एका महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या ए. जे. टी. जॉनसिंग नांवाच्या अध्यापकानें बंदीपूरच्या अरण्यांत मुक्काम ठोकून १९७६ ते १९७८ ह्या काळांत रानकुत्र्यांच्या टोळ्यांचा माग काढला. आपल्या देशांतील मोकळ्या वन्य पशूंचा अशा पद्धतशीर रीतीनें अभ्यास करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते. ते २०२४ सालीं वारले. एक शिक्षक प्रत्यक्ष जाऊन पाहून येतो, आणि दुसरा वर्गांत बसून ऐकीव सांगतो. ह्या दोहोंतला फरक आम्हीं स्वतःपुरता पुष्कळ उशिरां शिकलों. २०१५ सालच्या अंदाजाप्रमाणें जगांत पूर्ण वाढलेले रानकुत्रे ९४९ ते २,२१५ एवढेच होते. महाराष्ट्रांत ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगांव-नागझिरा येथें आणि सह्याद्रींत ते अजून शीळ घालितात.

आफ्रिकेंतील ठिपकेवाल्या तरसाची गोष्ट अशीच. सिंह शिकार करितो आणि तरस त्याचें उष्टें खातें, असें आपण सर्व धरून चालतों. हान्स क्रूक ह्यांनीं १९६० नंतरच्या दशकांत टांझानियांतील गोरोंगोरोच्या विवरांत रात्री जागून पाहिलें, तों तेथें पुष्कळदां उलटाच प्रकार: रात्रीं शिकार तरसांनीं करावी, आणि गलबला ऐकून सिंहानें येऊन ती बळकवावी. सकाळीं प्रवासी येतात तेव्हां सिंह खात असतो व तरसें लाळ घोटीत भोंवतीं बसलेलीं असतात. पाहणाऱ्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें तेवढें खरें. काढलेला अर्थ मात्र खोटा.

आतां कोणी म्हणेल कीं, हें सर्व फार गोड झालें. अरण्य म्हणजे काय सभ्य गृहस्थांचा वाडा आहे? मुळींच नाहीं, आणि तसा भास आमच्या लिहिण्यांत झाला असेल तर तो येथेंच पुसून टाकतों. वाघ बिबळ्यास मारतो. बिबळ्या एकटा सांपडलेला रानकुत्रा खातो. आणि टोळी बिबळ्यास झाडावर पिटाळते. टाळाटाळ चालते ती जीव जाण्याचें भय खरें आहे म्हणूनच. आणि दुबळ्यानें टाळावयाचें म्हणजे कोठें तरी जावयाचें. तो कोठें जातो, हा आमच्या मतें ह्या विषयांतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. कोण जिंकतो हा नव्हे.

ह्याचें उदाहरण उत्तराखंडांतील राजाजी अरण्याच्या चिल्ला विभागांत मिळतें. गंगेच्या पूर्वतीरावरील ह्या भागांतून गुज्जर कुटुंबांचें व त्यांच्या म्हशींचें दुसरीकडे पुनर्वसन झालें, चारा वाढला, हरिणें वाढलीं, आणि वाघ परत आला. शास्त्रज्ञांनीं २००४-०५ ते २००७-०८ ह्या काळांत मोजणी केली. शंभर चौरस किलोमीटरांत ३.३१ वाघ होते ते ५.८१ झाले, आणि तेवढ्याच क्षेत्रांतील बिबळे ९.७६ वरून २.०७ वर आले. सर्वच कांहीं वाघानें मारले नसतील. बरेचसे कडेला सरकले असावेत. कारण उरलेल्या बिबळ्यांच्या खाण्यांत पाळीव जनावरांचा भाग शेंकडा ६.८ होता तो ३१.८ झाला. वाघ वाढला ही आनंदाची वार्ता वर्तमानपत्रांत येते, आणि त्याच वार्तेचा उत्तरार्ध कडेच्या गांवांत कोणाच्या तरी गोठ्यांत लिहिला जातो. वाघ वाढूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. वार्ता अर्धी वाचूं नये, एवढेंच म्हणतों.

गीरमध्यें २०१८ च्या अखेरीस एका सिंहिणीनें आपल्या दोन छाव्यांबरोबर बिबळ्याचें एक पिलूं संभाळलें. सुमारें दीड महिना त्यास दूध पाजलें, शिकार खाऊं दिली. पुढें जन्मतःच असलेल्या एका व्याधीनें तें पिलूं मेलें. ही गोष्ट खरी आहे, शास्त्रीय नियतकालिकांत नोंदलेली आहे, आणि अनेक शाळांतून ती प्रेमाचा धडा म्हणून सांगितली जाते. आम्हींहि सांगितली. पण एरवीं सिंह व बिबळे एकमेकांस शत्रूच मानतात, हें त्याच वेळीं सांगावयास आम्ही विसरलों नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांतल्या उसाच्या मुलखाची गोष्ट आणखी निराळी. जुन्नर, अकोले, संगमनेर ह्या भागांत वाघ नाहीं. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोल्याच्या खोऱ्यांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. जेथें दर चौरस किलोमीटरास तीनशेंहून अधिक माणसें राहतात आणि अरण्य असें नाहीं, तेथें शंभर चौरस किलोमीटरांत सुमारें ५ प्रौढ बिबळे आणि तेवढींच तरसें निघालीं! बिबळ्याच्या पोटांत काय जातें तेंहि पुढें पाहिलें गेलें: शेंकडा ८७ भाग पाळीव जनावरांचा, आणि त्यांत सर्वांत मोठा वांटा, शेंकडा ३९, कुत्र्यांचा. खिडकीशीं बसलेला आमचा विद्यार्थी जें एका वाक्यांत म्हणाला होता, तेंच हें.

गेल्या पालकसभेंत हा विषय निघाला असतां एक सद्गृहस्थ उठून म्हणाले, “हे सगळे बिबटे पकडावे आणि ताडोबांत नेऊन सोडावे. तेथें जंगल आहे.” पुष्कळांनीं माना डोलावल्या. त्या दिवशीं आम्हीं कांहीं बोललों नाहीं, आज बोलतों. जंगल आहे हें खरें, पण तें रिकामें नाहीं. ताडोबांत वाघ आहेत आणि तेथले बिबळेहि आहेत. प्रत्येक नाल्यास, प्रत्येक पाऊलवाटेस धनी आहे. उसांत जन्मून कुत्र्यांवर वाढलेला बिबळ्या तेथें उतरविणें म्हणजे भिंत नसलेल्या ठिकाणीं आपल्या हातांनीं साठमारी उभी करणें होय. तो लढून मरेल, किंवा अधिक संभवनीय तें करील: तेथून निघेल, परकी वाट धरील, आणि ज्या गांवांनीं बिबळ्या कधीं पाहिला नाहीं त्यांच्या दारांत जाऊन उभा राहील.

हा आमचा तर्क नव्हे. तसें घडून गेलें आहे. २००१ नंतर जुन्नर भागांतून पकडलेले अनेक बिबळे दूरच्या रानांत सोडण्यांत आले. त्यापूर्वीं १९९३ ते २००१ ह्या वर्षांत माणसांवरील हल्ल्यांची वर्षाची सरासरी ४ होती. २००१ ते २००३ ह्या काळांत ती १७ वर गेली. जेथें ते सोडले त्या रानांजवळहि हल्ले होऊं लागले. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनीं २०११ सालीं हें सप्रमाण मांडिलें. पिंजरा लागला म्हणजे गांवास हायसें वाटतें, अधिकाऱ्यांसहि कांहीं केल्याचें समाधान मिळतें, आणि रिकाम्या झालेल्या जागेंत दुसरा, बहुधा तरुण व अननुभवी बिबळ्या येऊन बसतो.

ज्या घरांतलें लेकरूं बिबळ्यानें नेलें त्या घरास हीं आंकड्यांचीं कोष्टकें दाखविण्याचें धाडस आम्हांस होणार नाहीं. माणसांवर येणारा नेमका बिबळ्या धरला किंवा मारलाच पाहिजे, ह्याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं. कॉर्बेटनेंहि तेंच केलें. परंतु ज्यांच्या घरीं तसें झालेलें नाहीं असे आपण सभागृहांत बसून ठराव करितों, तेव्हां तरी तो बिबळ्या कोठें जाईल हा प्रश्न विचारावा. वाघ बिबळ्यास टाळतो कीं नाहीं ह्यापेक्षां बिबळ्या माणसास किती टाळतो हें त्या अकोल्याच्या खोऱ्यांत अधिक दिसतें. सुमारें पांच बिबळे, तीस हजार माणसें, आणि ह्या दोघांची रात्रंदिवस न होणारी भेट. ती न व्हावी ह्यासाठीं बिबळ्या रोज आपल्या वाट्याचें काम करीत असतो. आपल्या वाट्याचें काम फार मोठें नाहीं: गोठ्यास दार, अंगणांत दिवा, काळोख पडल्यावर पोरांस एकटें बाहेर न सोडणें, आणि गांवाच्या कडेचे उकिरडे, ज्यांवर मोकाट कुत्रीं पोसतात व ज्यांच्या मागोमाग तो येतो, ते काढून टाकणें.

हा लेख लिहून झाल्यावर आम्हीं त्या विद्यार्थ्यास बोलावून वाचून दाखविला. आंकडे त्यास फारसे आवडले नाहींत. “पण साखळीचें लिहिलेंत तें बरोबर आहे, सर,” तो म्हणाला. सुट्टींत तो घरीं जाऊन आला होता. वडिलांनीं कुत्र्याचें नवें पिलूं आणलें आहे. तें आतां अंगणांत बांधीत नाहींत, स्वयंपाकघरांत चुलीपाशीं निजवितात, आणि त्यावरून आजी रोज कुरकुरते. तेवढ्यांत तो सहलींतला धीट मुलगा, जो दाराशीं उभा राहून सर्व ऐकत होता, त्यानें विचारलें, “त्याचें नांव काय ठेवलें?”

“वाघ्या.”